पपईच्या फोडी

दांडिया बाजार, बडोदे
रविवार

प्रिय माधवी,

ईराला वाचायला काय देऊ, असं विचारलं होतंस. उत्तराला महिना लागला, रागावू नकोस.

थान्हा लाय यांची 'इनसाइड आउट अँड बॅक अगेन' दे. २०११ सालची, मुक्तछंदातली कादंबरी. १९७५ मध्ये व्हिएतनाममधलं सायगॉन पडायच्या बेतात असताना दहा वर्षांची मुलगी आई आणि तीन भावांबरोबर जहाजानं निघते, ती अमेरिकेत अलाबामाला पोचते. नाव तिचं 'हा'. आपल्या मराठी डोक्याची पंचाईतच, दर पानावर 'हा कोण?'

युद्ध त्यात थोडंच आहे. मला धरून ठेवलं ते शाळेनं. अपूर्णांक येणारी ही पोर. तिला तिथं एबीसी शिकवतात, ती वीसपर्यंत आकडे म्हणते आणि वर्ग टाळ्या वाजवतो! तिचा नुसता जळफळाट होतो, पण सांगणार कुठल्या भाषेत? तुला आठवतं ना, सातवीत पुण्याला आले तेव्हा मी पुस्तकाला गुजरातीसारखं 'चोपडी' म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला होता? बाबांची नुसती बदली होती ती, बडोद्याचं घर जागेवर होतं. तरी आठवडाभर मी तोंड उघडलं नाही, तुझ्याशी सोडून.

ज्युडिथ कर यांच्या 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट'मधली, १९३३ साली बर्लिन सोडणारी अ‍ॅनाही चांगली आहे, पण जरा जास्तच गुणी. हा चिडते, म्हणून ती मला जवळची. आमच्या इथं वारसियात फाळणीनंतर सिंधी कुटुंबं येऊन वसली. त्यांच्यातल्या अशा एखाद्या पोरीची गोष्ट मात्र माझ्या हाती अजून लागलेली नाही.

आणि पपई! सायगॉनच्या अंगणात हा-नं बी टाकून झाड वाढवलेलं असतं. निघण्याआधी फळ पुरतं पिकायच्या आतच कापावं लागतं. अलाबामात शेजारीण सुकवलेली पपई आणून देते. चिकट, साखरेची. ती रागानं फेकून देते. मग आई रात्री त्या फोडी गरम पाण्यात भिजवून साखर उतरवते. तशी नाही लागत, पण वाईटही नाही.

हे वाचल्यावर आमच्या सईनं काय करावं? टुटीफ्रुटी कच्च्या पपईचीच असते हे तिला मीच सांगितलेलं. डबा उघडून मूठभर गरम पाण्यात टाकली. सकाळी वाटीत लालभडक पाणी आणि तळाशी पांढुरक्या फोडी. एक चावून बघितली, तोंड वाकडं केलं, आणि मला म्हणाली, "आई, तिची आई चांगली होती."

लवकर लिही.

तुझी,
वृंदा