डॅनियल पॉली सर, दिवाळे कोळीवाड्यातून मनापासून थँक यू

पॉली सर, नमस्कार.

तुम्ही मासळीचा अभ्यास करणारे मोठे शास्त्रज्ञ. तुम्हाला मराठी येत नाही आणि कॅनडात बसून तुम्ही हे वाचाल अशी आशा पण नाही, पण ज्याची मदत झाली त्याचं नाव चारचौघांत घ्यावं असं आमच्या घरात शिकवलंय, म्हणून लिहितेय.

मी बेलापूरजवळच्या दिवाळ्याची. बाबा अजून होडी घेऊन जातात. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी मांदेली घेतली, कारण ती नक्की मिळणार आणि फुकट मोजायला मिळणार. पापलेट घेतलं असतं तर मावश्यांनी टोपलीला हात पण लावू दिला नसता.

पण माशाचं वय काढायचं कसं? पुस्तकात लिहिलेलं की कानातल्या हाडावरच्या रेषा मोजा. थंड समुद्रात हिवाळ्यात मासा वाढायचा थांबतो म्हणून तिथे वर्षाची रेषा नीट उमटते, आपल्याकडे पाणी बारा महिने गरम, रेषा दिसली तरी ती वर्षाची आहे का कशाची कोण सांगणार. ही अडचण तुम्हाला सत्तरच्या दशकात इंडोनेशियात आलेली, हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जर्मनीत शिकलेला माणूस गरम पाण्यात येतो आणि शिकलेलं तिथे चालत नाही, तर तो माशांना दोष न देता गणितच बदलतो.

तुमचं एलिफॅन वापरलं मी, म्हणजे माशांच्या लांबीवरून त्यांची वाढ काढायची तुमची पद्धत. दर महिन्याला धक्क्यावर जायचं, फूटपट्टीने लांबी मोजायची, वहीत लिहायची. छोट्या मांदेलींचा घोळका पुढच्या महिन्यात किती सरकला, त्याच्या पुढच्या महिन्यात किती, त्यावरून वाढीचा वेग निघतो. आणि तुमचा 1980 चा पेपर, 175 मत्स्यसाठ्यांचा, त्यावरून वाढ आणि पाण्याचं तापमान माहीत असलं की जाळ्यात न सापडता आपोआप मरणारी मासळी किती याचा अंदाज येतो. कुठे मोठी बोट नाही, लॅब नाही. 1984 ला तर तुम्ही हे सगळं साध्या प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरवर कसं करायचं त्याचं मॅन्युअल काढलेलं, म्हणजे ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांचा विचार आधीच केलेला. मी लॅपटॉपवर ट्रॉपफिशआर नावाचं सॉफ्टवेअर चालवलं, आत हिशोब तुमचाच.

दुसरं थँक यू आजीच्या वतीने. ती सांगते, "आमच्या टायमाला जितारा होरीत मावायचा नाय", म्हणजे जिताडा मासा होडीत मावायचा नाही. हे मी प्रोजेक्टमध्ये घातलं तर एक सर म्हणाले गप्पा आहेत, डेटा नाही. मग तुमचा 1995 चा एका पानाचा लेख सापडला. त्यात तुमच्या एका सहकाऱ्याचे आजोबा आहेत, 1920 च्या दशकात डेन्मार्कजवळ कॅटेगाटमध्ये मॅकरेलची जाळी टाकायचे आणि त्यात ब्लूफिन ट्यूना अडकतो म्हणून वैतागायचे, कारण त्याला तेव्हा गिऱ्हाईकच नव्हतं!! प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणची मासळी हीच खरी धरते आणि तिथून पुढे किती घटली तेवढंच मोजते, म्हणून जुन्या माणसांचं बोलणं पण हिशोबात घ्या असं तुम्ही लिहिलंत. बाबांना आजची खाडी तेवढी बिघडलेली वाटत नाही आणि आजीला वाटते, याचं कोडं मला तिथे सुटलं. एमआयडीसी यायच्या आधीची खाडी आजीने बघितलीय, बाबांनी नाही.

आणि 2016 चा तो तुमचे सहकारी झेलर सरांबरोबरचा पेपर. जगाची मासेमारी 1996 ला सगळ्यात जास्त होती, सरकारी आकड्यांत 8.6 कोटी टन आणि तुमच्या हिशोबाने जवळपास 13 कोटी, कारण छोट्या होड्यांची मासळी, घरी कालवणाला नेलेली, फेकून दिलेली, ही कागदावर धड येतच नाही. आमच्या घरची रोजची वाटणी अशी कोणीतरी मोजायला घेतली याचं मला फार अप्रूप आहे.

सगळं पटतं असं नाही हां. मोठे मासे संपवून लोक खाली खाली छोट्यांवर येतात हे तुम्ही 1998 ला लिहिलंत, त्यावर 2010 मध्ये ब्रँच नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या टीमने आक्षेप घेतला की पकडलेली मासळी बघून पाण्यातली कळत नाही. मला त्यांचं पण थोडं बरोबर वाटतं, धक्क्यावर काय येणार ते भावावर आणि डिझेलवर पण ठरतं ना. पण ज्याच्याशी भांडायला मजा येते असा अभ्यास तरी कितीजण करतात! 2023 ला तुम्हाला आणि तुमचे सहकारी सुमैला सरांना टायलर प्राइझ हा पर्यावरणातला मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा मी घरी पेढे आणलेले, बाबा विचारत होते कोणाचं काय झालं.

तर सर, थँक यू. मांदेलीची सगळी मापं एक्सेलमध्ये आहेत, कोणाला पाहिजे तर मागा, फुकट देईन. आता दिवाळे आणि सारसोळ्यातल्या म्हाताऱ्यांकडून कुठल्या साली कुठे काय मिळायचं ते लिहून घ्यायला घेतलंय, आजीपासून सुरुवात केलीय, ती एकदा बोलायला लागली की थांबत नाही.

तुमची,
दिवाळ्याची एक विद्यार्थिनी