इंजेक्शनचे पेन हातातल्या बॅगेतच ठेवा

महोदय,

नागपूरहून परदेशी निघालेल्या अर्धशिशीच्या रुग्णांनी इंजेक्शनचे पेन चेक-इन सामानात कदापि देऊ नयेत. बॅग चुकली की डोस गेलाच. आणि मे महिन्यात विमानतळाबाहेर उन्हात उभी राहिलेली गाडी औषध नासवते, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. अर्धशिशीचे झटके रोखणारे गॅल्कॅनेझुमॅब हे इंजेक्शन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. बाहेर ३० अंशांपर्यंत फार तर ७ दिवस टिकते, तेही मूळ खोक्यातच. बर्फाची पिशवी पेनला थेट टेकवू नका, मध्ये रुमालाची घडी घाला. एकदा गोठलेले औषध वितळले तरी फेकावेच लागते. झटका आल्यावर घ्यायच्या सुमाट्रिप्टानला फ्रीज लागत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव, मात्रा आणि पासपोर्टवरचेच नाव हवे. संयुक्त अरब अमिरातीत जाताना सोबत कोडीन किंवा ट्रामाडॉल ही वेदनाशामके असतील तर तिथली पूर्वपरवानगी ऑनलाइन काढा, निघायच्या बऱ्याच आधी.

– काही औषधविक्रेते, धंतोली, नागपूर