बोर्ड बाद ठरवण्याआधी कंपायलर तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचा हंगाम आला, की रास्पबेरी पाय झिरोसारखे स्वस्त संगणक-बोर्ड ‘खराब निघाले’ म्हणून बाजूला पडतात. त्यातले बरेच धडधाकट असतात. लॅपटॉपवर विनातक्रार कंपाइल झालेला प्रोग्राम बोर्डावर चालवला, की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढे दोन शब्द उमटतात आणि संशय थेट हार्डवेअरवर जातो. घोळ असतो क्रॉस-कंपायलरच्या, म्हणजे लॅपटॉपवर बसून बोर्डासाठी प्रोग्राम तयार करणाऱ्या कंपायलरच्या, निवडीत.

२०१२चा मूळ रास्पबेरी पाय, तसेच पाय झिरो आणि झिरो डब्ल्यू यांत आर्म-व्ही६ पिढीचा प्रोसेसर आहे. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींमधून ‘आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ’ नावाने मिळणारे जीसीसी हे कंपायलर मात्र त्यापुढची आर्म-व्ही७ पिढी आणि थंब-२ हा आटोपशीर सूचनासंच गृहीत धरते. डेबियनची आर्मएचएफ, म्हणजे दशांश गणित हार्डवेअरवर (हार्ड-फ्लोट) करणारी आवृत्ती व्ही७पासूनच सुरू होते, म्हणून तर पायसाठी डेबियनवर आधारलेली रास्पबियन प्रणाली व्ही६वर नव्याने कंपाइल करावी लागली. नाव दोन्हीकडे आर्मएचएफच राहिले आणि विद्यार्थी तिथेच फसतात.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे कंपायलरच्या ‘एमआर्च’ पर्यायात व्ही६ लिहिणे. तो अर्धवट आहे. आधी कंपायलर ‘थंब-१ हार्ड-फ्लोट’ जमत नाही म्हणून अडतो. थंबऐवजी साध्या आर्म सूचना वापरायला लावणारे ‘एमआर्म’ जोडले की ती तक्रार थांबते, प्रोग्राम तयार होतो आणि बोर्डावर पुन्हा तसाच कोसळतो. कारण तुमचा कोड व्ही६चा झाला, तरी सगळे तुकडे एकत्र करणारा लिंकर त्याला जोडतो ती ‘सीआरटी१’ ही सुरुवातीची फाइल आणि लिबजीसीसी ही जीसीसीची मदतनीस लायब्ररी आधीच व्ही७साठी कंपाइल होऊन आलेली असतात. मेन फंक्शनपर्यंत गाडी पोचतच नाही. रीडएल्फ ही आज्ञा मोठ्या ‘ए’ पर्यायासह तयार फाइलवर चालवली, की ‘टॅग सीपीयू आर्च’ या ओळीत व्ही६ की व्ही७ ते लगेच दिसते. नवा बोर्ड मागवण्याआधी एवढे एक मिनिट द्यावे.

खात्रीचा मार्ग म्हणजे क्रॉसटूल-एनजी हे साधन वापरून स्वतःची टूलचेन, म्हणजे कंपायलर, लिंकर आणि लायब्ररींचा संच, बांधणे. मेनूमध्ये आर्किटेक्चर व्ही६, सीपीयू आर्म११७६जेझेडएफ-एस, एफपीयू (प्रोसेसरचा दशांश गणिताचा भाग) ‘व्हीएफपी’ आणि फ्लोटिंग पॉइंट ‘हार्डवेअर’ निवडावे. जीलिबसी ही सी भाषेची मूळ लायब्ररी आणि कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) हेडर्स बोर्डावर आहेत त्याच आवृत्तीचे किंवा त्याहून जुने घ्यावेत, नवे कधीच नाहीत. हे काम मूळ सेटिंगमध्ये रूट (प्रशासक) म्हणून करता येत नाही. ‘एलडी लायब्ररी पाथ’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही आधी काढून टाकावे लागते, नाहीतर बांधणी सुरूच होत नाही. प्रोग्राम दोन-चार फाइलींचा असेल, तर हा खटाटोप न करता सरळ पायवरच कंपाइल करावा. ५१२ एमबी रॅममध्ये तेवढे आरामात होते.

जीलिबसीचा मुद्दा पाय झिरोपुरता नाही. ऑगस्ट २०२१च्या २.३४ आवृत्तीत थ्रेड्सची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा आवृत्ती-क्रमांक मिळाला. त्यामुळे उबुंटू २२.०४वर, म्हणजे जीलिबसी २.३५वर, लिंक केलेला नुसता ‘हॅलो वर्ल्ड’देखील डेबियन ११वर आधारलेल्या बोर्डावर सुरू होत नाही, कारण तिथे २.३१ असते. अशा वेळी बोर्डावरचे लिब, यूएसआर-लिब आणि यूएसआर-इन्क्लूड हे फोल्डर आरसिंकने लॅपटॉपवर आणून तेच सिसरूट म्हणून, म्हणजे कंपायलरने लायब्ररी शोधण्याची जागा म्हणून, द्यावेत. त्यातल्या स्लॅशपासून सुरू होणाऱ्या सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारे दुवे) सापेक्ष करून घ्याव्यात, अन्यथा त्या लॅपटॉपच्याच लायब्ररीकडे बोट दाखवतात. लायब्ररींचे पत्ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला ‘पाथ’ देऊन भागत नाही, त्याने जुन्या जागांत फक्त भर पडते. ‘लिबडिर’ द्यावे लागते. सीमेक या बिल्ड-साधनात टूलचेन फाइल पहिल्याच वेळी द्यावी. नंतर बदलली तर बिल्ड फोल्डर पुसल्याशिवाय तो बदल लागू होत नाही.

आणखी एक फसवी जागा. पाय ४वर ३२-बिट प्रणाली असली, तरी कर्नल ६४-बिट असू शकतो. मग ‘यूनेम’ ही आज्ञा आर्क६४ (६४-बिट) सांगते, त्यावर विसंबून ६४-बिट प्रोग्राम बनवला जातो आणि समोर दिसणारी फाइल चालवताना ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो. नसतो तो प्रोग्राम सुरू करणारा ६४-बिट लोडर. डीपीकेजी या पॅकेज-व्यवस्थापकाला आर्किटेक्चर विचारले, की खरे उत्तर मिळते.

एसटीएम३२सारख्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर लिनक्स नसते, म्हणून तिथे ‘आर्म-नन-ईएबीआय’ हा कंपायलर लागतो. कॉर्टेक्स-एम४साठी सीपीयू, थंब, एफपीयू आणि फ्लोट-एबीआय (दशांश संख्या फंक्शनला कशा द्यायच्या तो नियम) हे चारही पर्याय कंपाइल करताना देतात तसेच लिंक करतानाही द्यावेत. लिंकच्या वेळी ते राहिले, की सॉफ्ट-फ्लोट लायब्ररी उचलली जाते आणि ‘व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स’ची एरर येते. लिंक नीट होऊनही पहिल्याच दशांश गुणाकाराला हार्ड फॉल्ट येत असेल, तर सुरुवातीच्या कोडमध्ये सीपीएसीआर रजिस्टरचे २० ते २३ हे बिट चढवून एफपीयू चालू केले आहे का, ते पाहावे.

प्रकल्प अहवालात घटकांचे दर आणि सर्किटचे छायाचित्र असते. कंपायलरचे पूर्ण नाव, आवृत्ती, दिलेले पर्याय आणि बोर्डावरची जीलिबसी यांची नोंद क्वचितच असते. विद्यापीठांनी आणि तंत्रशिक्षण मंडळाने त्यासाठी एक पान सक्तीचे करावे. बाह्य परीक्षकांनीही तोंडी परीक्षेच्या वेळी ते पान समोर ठेवून, विद्यार्थ्याचा लॅपटॉप न वापरता प्रयोगशाळेतल्या संगणकावर प्रोग्राम पुन्हा बांधून घ्यावा.

— एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये काम करणारे काही वाचक, पुणे