तीन हजार दोनशे अकरा भाषणं

मॅडिसन, विस्कॉन्सिन

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

सोसायटीच्या सभेत सलग चौथ्या वर्षी टाकीच्या झाकणाचा विषय काढलास, लोक हसले, म्हणून आता तोंडच उघडणार नाहीस म्हणतोस. बरं. पण आधी आमच्या इथल्या एका सिनेटरचं ऐक.

विल्यम प्रॉक्समायर. 1952, 54 आणि 56, तिन्ही वेळा गव्हर्नरच्या निवडणुकीत आपटला. 1957 मध्ये, ज्याला जिथेतिथे कम्युनिस्ट दिसायचे तो इथलाच सिनेटर जोसेफ मॅकार्थी वारला. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत हा निवडून आला आणि 1989 पर्यंत हललाच नाही. पक्ष डेमोक्रॅटिक, पण नेत्यांना धाक वाटावा असा. लिंडन जॉन्सन सिनेटमध्ये सर्वेसर्वा असताना त्याच्या कारभारावर यानं उघड तोंडसुख घेतलं. नवखा माणूस, बघ!

वंशसंहाराविरुद्धचा 1948 चा आंतरराष्ट्रीय करार अमेरिकी सिनेट मंजूर करत नव्हती. जानेवारी 1967 मध्ये यानं जाहीर केलं की मंजूर होईपर्यंत सिनेटच्या कामकाजात रोज यावर बोलणार. आणि बोलला. रोज नवं भाषण, एकूण 3,211. फेब्रुवारी 1986 मध्ये 83 विरुद्ध 11 मतांनी ठराव पास झाला. म्हणजे एकोणीस वर्षं. तुझी चार!

खर्चाच्या बाबतीत तर आपल्या आजोबांच्या वरताण. 1982 च्या निवडणुकीत एकूण खर्च दीडशे डॉलरच्या आत, तोही मुख्यतः लोकांनी पाठवलेल्या देणग्या परत करायच्या टपालाचा. प्रचार कसला, मॅचला, जत्रेला जाऊन दारात उभं राहायचं आणि येईल त्याचा हात हातात घ्यायचा.

साधुसंत समजू नकोस हं. सरकारी उधळपट्टीला तो दरमहा ‘गोल्डन फ्लीस’ नावाचा पुरस्कार द्यायचा. पहिलाच, 1975 मध्ये, माणसं प्रेमात का पडतात यावरच्या 84,000 डॉलरच्या संशोधनाला. मला हे उथळ वाटतं. मथळा वाचून खिल्ली उडवायला अक्कल लागत नाही. माकडांवर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञानं त्याला कोर्टात खेचलंच. 1979 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सभागृहात हवं ते बोला, बाहेर पत्रकं वाटलीत तर संरक्षण नाही. शेवटी दहा हजार डॉलर आणि माफी. शिवाय विस्कॉन्सिन पडलं दूधवाल्यांचं राज्य. दुधाच्या सरकारी आधारभावाची वेळ आली की या काटकसरीवाल्याची कात्री बरोब्बर हरवायची!

उतारवयात अल्झायमर झाला. ज्यानं दहा हजारांहून जास्त मतदानं सलग, एकही न चुकवता केली, त्याचीच आठवण गेली. 2005 मध्ये वारला.

वहिनींना नमस्कार. पुढची सभा कधी आहे ते कळव, आणि जाताना टाकीत पडलेल्या त्या कबुतराचा फोटो मोठा करून ने.

तुझा,
अण्णा