दोघंही पॉझिटिव्ह, मग कंडोम कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

"दोघांनाही तेच आहे ना, मग आता कंडोम कशाला?" हे आमच्यासारख्या जोडप्यांना सर्रास ऐकायला मिळतं आणि बोलणारे बरेचदा आमच्यातलेच असतात. मी आणि मिस्टर दोघंही एचआयव्ही पॉझिटिव्ह, एआरटीवर म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर आहोत, सिडकोत राहतो, ते पिंपळगावहून टोमॅटोचा टेम्पो मुंबईला नेतात.

गोळी रोज वेळेवर घेतली आणि व्हायरल लोड म्हणजे एक मिली रक्तातली व्हायरसची मोजणी २०० च्या खाली टिकली तर संबंधातून एचआयव्ही जोडीदाराला जात नाही, हे आता डॉक्टर लोक ठामपणे सांगतात आणि ते घरोघरी कळायलाच पाहिजे. पण गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया), बी कावीळ (हिपॅटायटिस बी) यांना तुमच्या लोडशी काय घेणं? बाईला परमा झाला तर पुष्कळदा जाणवतही नाही. शिवाय एकाच्या गोळ्या चुकत असतील तर औषधाला दाद न देणारा व्हायरस दुसऱ्याला लागू शकतो, मग चालू असलेलं औषधसुद्धा बदलायची वेळ येते.

गोळ्या मिळतात त्या सेंटरवर "कंडोम वापरा" म्हणून फुकटची पाकिटं हातात देतात, मागे एवढी रांग असते की कौन्सेलर तरी किती बोलणार. पण कसा वापरायचा ते राहूनच जातं ना. आमच्या गटातल्या कितीतरी बायका खोबरेल तेल लावायच्या! तेल, व्हॅसलीन लागलं की रबर कमजोर होऊन फाटतं, त्याला पाण्याची जेली लागते. ती मेडिकलमध्ये मागितली तर काउंटरवरचा पोरगा दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे बघून हसतो, आणि मग माणूस परत तेलाच्या बाटलीकडेच वळतो. मिस्टर पाकिटं टेम्पोच्या डॅशबोर्डमध्ये ठेवायचे, मे महिन्यात कसाऱ्याच्या चढाला केबिन कसली तापते, एक फोडून बघितलं तर नुसतं चिकट झालेलं, सगळीच फेकली. आता कपाटात, साड्यांच्या खाली.

आणि जोडीदार निगेटिव्ह असेल, तुमचा लोड अजून खाली आलेला नसेल आणि कंडोम फाटला तर सकाळ व्हायची वाट बघू नका, पीईपीच्या म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, सरकारी दवाखाना गाठा नाहीतर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा, फोनला पैसे लागत नाहीत.

१ डिसेंबरला, एड्स दिनाला, तुम्ही लाल रिबीनचा फोटो छापताच, यंदा त्याच्या शेजारी खोबरेल तेलाचं पण छापा.

माझं नाव देऊ नका. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ते गुप्त ठेवायचा हक्क आम्हाला आहे, पण सासरी तो कायदा कुणी वाचलेला नाही.

एक वाचक, सिडको, नाशिक