राजघराण्याच्या सह्या घेण्याआधी

पुणे,
२ जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि लिलावाचा कॅटलॉग दोन्ही वाचलं. व्हिक्टोरिया राणीच्या सहीची लष्करी सनद (म्हणजे अधिकाऱ्याचं नेमणूकपत्र), दोन ख्रिसमस कार्डं आणि ‘राजघराण्याची पत्रं’ नावाचा एक गठ्ठा, एवढ्यावर तुझा डोळा आहे. बोली लावण्याआधी विचारलंस ते बरं केलंस. या बाजारात लबाडीपेक्षा अर्धवट वाचनानेच जास्त पैसे बुडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं ऐकशील तर सहीकडे सगळ्यात शेवटी बघ. आधी तो कागद कोणाच्या नावे, कशासाठी आणि कोणत्या तारखेला निघाला ते वाच. ब्रिटिश राजाची किंवा राणीची सरकारी सही मजकुराच्या वर, डोक्यावर असते. खाली मंत्र्याची किंवा सचिवाची सही. या खालच्या सहीकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण अस्सलपणाची पहिली साक्ष तीच देते. तारीख, मंत्र्याचं नाव आणि त्याचा कार्यकाळ जुळतो का, एवढं ताडून पाहिलं तरी बऱ्याच शंका फिटतात.

आता तुझी सनद. प्रिन्स अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ ला गेला. त्या सुमारास राणीपुढे न सही केलेल्या सनदांचा ढीग साचला होता. १८६२ साली कायदाच झाला की लष्करी सनदेवर राणीच्या हातची सही असलीच पाहिजे असं नाही. त्यामुळे त्यानंतरची सनद दिसली की प्रत्येक वेळी तपासायचं: सही हातची आहे, शिक्क्याची आहे की मुळात नाहीच. कॅटलॉगमध्ये ‘व्हिक्टोरियाच्या काळातली सनद’ असं लिहिलं असेल तर त्यात सहीचा शब्दही नाही, हे लक्षात घे. पहिल्या महायुद्धातल्या सनदांवर पाचव्या जॉर्जची सही बहुधा शिक्क्याने उमटवलेली असते. कुटुंबाची आठवण म्हणून त्या सनदेला मोल आहे, राजाच्या सहीचे पैसे मात्र तिला मोजू नकोस.

शिक्क्याची भानगड नवी नाही. आठव्या हेन्रीच्या अखेरच्या वर्षांत त्याच्या सहीचा कोरडा ठसा कागदावर दाबत आणि त्या उठावावरून कारकून शाई फिरवत असे. १८३० मध्ये चौथा जॉर्ज इतका आजारी झाला की त्याच्यासमोर सहीचा शिक्का मारायची मुभा देणारा कायदा करावा लागला. तिसऱ्या जॉर्जच्या बाबतीत वेगळी गोष्ट बघायची. नजर जात चालली तशी त्याची सही मोडत गेली, आणि फेब्रुवारी १८११ पासून राज्यकारभार युवराजाकडे आला. म्हणजे १८१५ च्या सनदेवर तिसऱ्या जॉर्जची ठसठशीत सही दिसली तर तिथेच थांब. त्या काळात बापाच्या वतीने मुलगा सही करत होता आणि नावापुढे ‘पी. आर.’, म्हणजे प्रिन्स रीजंट, लावत होता.

नावांचा घोळ तर मोठाच आहे. ‘जॉर्ज आर. आय.’ ही सही पाचव्याचीही आणि सहाव्याचीही. आर म्हणजे लॅटिनमधला राजा (रेक्स) किंवा राणी (रेजिना), आय म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट किंवा सम्राज्ञी. तो आय व्हिक्टोरियाच्या नावापुढे १८७६ च्या कायद्यानंतर आला आणि स्वातंत्र्यानंतर सहाव्या जॉर्जच्या सहीतून गेला. पदवी अधिकृतपणे सोडल्याची घोषणा २२ जून १९४८ ची. तेव्हा १८६० च्या कागदावर ‘आय’ असेल किंवा १९५० च्या कागदावर असेल, तर काहीतरी चुकलं आहे.

‘एलिझाबेथ आर.’ ही सही त्याहून फसवी. १९३६ नंतर सहाव्या जॉर्जची राणी, म्हणजे पुढची राजमाता, अशीच सही करायची. मुलगी ६ फेब्रुवारी १९५२ ला गादीवर आली आणि तीही तशीच करू लागली. त्याआधी राजकन्या असताना ती नुसतं ‘एलिझाबेथ’ लिहायची. १९४५ च्या कार्डावर ‘जॉर्ज आर. आय.’ शेजारी ‘एलिझाबेथ आर.’ असेल तर ती आई. १९५२ नंतरच्या कागदावर पत्त्याकडे बघ: क्लॅरन्स हाउस किंवा रॉयल लॉज असेल तर राजमातेची शक्यता जास्त. दोघींच्या सह्यांचे खात्रीचे नमुने शेजारी ठेवून अक्षर जुळव. विकणारे दर वेळी लबाडीने चूक करतात असं नाही, पण चूक मात्र बहुतेक वेळा महागड्या नावाच्या बाजूने होते!

एडवर्डचं तर विचारूच नकोस. आठवा एडवर्ड २० जानेवारी ते ११ डिसेंबर १९३६ एवढाच काळ राजा होता, सगळे मिळून ३२६ दिवस. राजा म्हणून केलेल्या त्याच्या सह्या कमी, म्हणून भाव चढा. सातवा एडवर्डही नावापुढे आर आणि आय लावायचा, पण त्याचा काळ १९०१ ते १९१० आणि त्याचे कागद बाजारात पुष्कळ. आठव्याची युवराज असतानाची सही ‘एडवर्ड पी.’ (पी म्हणजे प्रिन्स), आणि तीही मुबलक मिळते. हाच युवराज नोव्हेंबर १९२१ मध्ये आपल्या पुण्यात येऊन शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवून गेला. त्या दौऱ्यातला सही केलेला फोटो एखाद्या मराठी घरातून निघाला तर मला तो १९३६ च्या कोरड्या सरकारी हुकमापेक्षा जास्त आवडेल, आणि स्वस्तही पडेल. गादी सोडल्याच्या दस्तऐवजावर १० डिसेंबर १९३६ रोजी त्याने सही केली, तिन्ही भावांनी साक्षी घातल्या आणि अशा ६ प्रती झाल्या. त्यांचे छापील फोटो फ्रेम करून फिरत असतात. ‘मूळ प्रत’ म्हणून कोणी पुढे केलीच तर हसून निघून ये.

सही तपासायला दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक छोटी टॉर्च पुरते. टॉर्च कागदाला जवळजवळ चिकटून आडवी धर. टाकाच्या सहीत दाब पडतो तिथे निबची दोन टोकं फाकतात आणि रेघेच्या दोन्ही कडांना गडद धार दिसते. जिथे रेघ रेघेला ओलांडते तिथे शाई दाट होते, सुरुवातीला आणि शेवटी थेंब साचतो. शिक्क्याची शाई सगळीकडे सारखी किंवा मध्ये फिकी आणि कडेला दाबून बाहेर आलेली. छापील सहीत भिंगाखाली ठिपके दिसतात. यंत्राने पेन धरून केलेली सही सगळ्यात चकवते, कारण शाई खरी असते. तिचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, टोकं बोथट, वळणावर बारीक थरथर. त्याच साच्यातली दुसरी सही मिळाली तर एकावर एक ठेवून बघ. माणसाच्या दोन सह्या हुबेहूब बसत नाहीत. ख्रिसमस कार्डांच्या बाबतीत ही परीक्षा टाळू नकोस. शिवाय कार्डाच्या आतला फोटो आणि सहीशेजारचं वर्ष यांचा मेळ बसतो का ते पाहा. वर्षानुवर्षं उन्हात मांडून ठेवलेल्या कार्डावरची शाई तपकिरी पडलेली असते आणि तसल्या कार्डाला पुढे गिऱ्हाईक मिळत नाही.

जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) टॉर्चचाही उपयोग होतो. साधारण १९५० नंतरच्या कागदात उजळपणासाठी रसायन घालू लागले, ते या उजेडात निळसर चमकतं. सातव्या एडवर्डच्या पत्राचा कागद असा चमकला तर पुढचं बघायची गरजच नाही.

सनद चर्मपत्रावर असेल तर मागची बाजू दाखवणारा फोटो लिलाववाल्यांकडून आवर्जून मागव. डाव्या कडेला निळ्या कागदाचा उठावदार स्टँप असेल तर त्यातून ओवलेली पातळ धातूची पट्टी आणि मागे ती झाकणारी राजचिन्हाची छोटी चिठ्ठी दिसायला हवी. कागदाखालचा मेणाचा शिक्का जागेवर आहे का, घड्यांवर भेगा आहेत का, चर्मपत्र पुठ्ठ्याला डकवलं आहे का, हेही विचार. डकवलेलं असेल तर मी किंमत निम्मी धरतो. शिक्का तुटलेला चालेल, पण सही कापून वेगळी काढलेली नको. कापलेली सही, खाली चकचकीत फोटो, सोनेरी फ्रेम आणि कोणा दुकानदाराचं अस्सलपणाचं प्रमाणपत्र, हा मेळ दिसला की समजायचं की वाचण्यासारखं जे होतं ते आधीच कोणी फेकून दिलं आहे.

तो पत्रांचा गठ्ठा सोड. त्यात बहुधा खाजगी सचिवांची आणि राणीच्या सख्यांची आभारपत्रं निघतील; कागदावर मुकुट आहे, बाकी काही नाही. कॅटलॉगमध्ये ‘ए. एल. एस.’ म्हणजे सगळं पत्र स्वतःच्या हातचं आणि सही केलेलं, ‘टी. एल. एस.’ म्हणजे टंकलिखित पत्रावर सही, ‘डी. एस.’ म्हणजे सही केलेला दस्तऐवज. यातलं काहीच लिहिलं नसेल तर गृहीत धरू नकोस. याला उलटा अपवाद व्हिक्टोरियाचा. मंत्र्यांना ती स्वतःच्या हाताने लिहायची, पण ‘राणीला असं वाटतं’ अशा तृतीय पुरुषात आणि बरेचदा सहीशिवाय. अशा पत्राला सही नाही म्हणून कोणी कमी लेखलं तर तुझा फायदा. १८६१ नंतरचं असेल तर काळ्या किनारीचा कागद बघ.

आता पैसे. हातोडा पडला ती किंमत शेवटची नव्हे. ४०० पौंडांना लॉट (बोलीला मांडलेली एक वस्तू किंवा गठ्ठा) सुटला, बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावघर खरेदीदाराकडून घेतं ते शुल्क, २५ टक्के असेल तर १०० वाढले. त्या १०० वर २० टक्के व्हॅट म्हणजे आणखी २०. एखाद्या ऑनलाइन व्यासपीठावरून बोली लावलीस आणि त्यांचे ५ टक्के असतील तर २० आणि त्यावर व्हॅट ४. झाले ५४४. विमा आणि टपाल वेगळं. उलटं गणित कर: एकूण ४०० च खर्चायचे असतील तर ४०० ला १.३६ ने भाग, २९४ येतात, म्हणजे २९० वर थांब. प्रत्येक लिलावघराचे दर वेगळे, म्हणून अटींचं पान आधी वाच. लॉटच्या आकड्याशेजारी तारा किंवा खंजिराचं चिन्ह असेल तर माल परदेशातून आलेला असू शकतो आणि हातोड्याच्या किमतीवरही कर बसतो. चिन्हांचा अर्थ कॅटलॉगच्या सुरुवातीला दिलेला असतो. माल खोटा निघाला तर किती दिवसांत परत घेतात, तेही त्याच पानावर.

निवृत्तीनंतर हे सगळं पुण्याला आणायचं म्हणतोस, तर हे आत्ताच ऐकून ठेव. ५० वर्षांहून जुना हस्तलिखित कागद ब्रिटनबाहेर न्यायला परवाना लागतो, किंमत कितीही कमी असो. अर्ज आर्ट्स काउन्सिल इंग्लंडकडे जातो. पावत्या आणि लॉटची माहिती जपून ठेवलीस तर तो सोपा जातो. इकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक मोलाचं ७५ वर्षं जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे एकदा इथे आणलेलं पुन्हा लंडनच्या लिलावात घालीन असा हिशोब नको. आणि कोणत्याही कागदावर दप्तरखान्याचा शिक्का, क्रमांक किंवा बांधणीतून कापल्याची कड दिसली तर विक्रेत्याला लेखी विचार. असा कागद चोरीचा असू शकतो, उत्तर गुळमुळीत आलं तर हात लावू नकोस. पेशव्यांच्या काळातल्या मोडी कागदांनाही हाच नियम. फक्त तिथे अशी सही शोधू नकोस, तिथे शिरावरची मुद्रा आणि शेवटचा मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याची छोटी मुद्रा, बघायचा.

ठेवण्याबाबत थोडक्यात. आपल्याकडचा पावसाळा चर्मपत्राचा वैरी. ते दमट हवेत फुगतं, कोरड्यात आक्रसतं आणि काचेला चिकटलं तर शाई काचेवर येते. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील असं बघ आणि काच व कागद यांच्यात माउंटची (पुठ्ठ्याच्या चौकटीची) जागा सोड. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन यांचं नावही काढू नकोस. चर्मपत्र सपाट करायला इस्त्री फिरवलीस तर ते कायमचं आखडतं. बाहेरच्या भिंतीवर टांगू नकोस, मागून ओल येते. कसर लागू नये म्हणून आम्लरहित पाकिटात, बंद खोक्यात, वर्षातून दोनदा उघडून बघ. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नकोस.

वहिनींनी विचारलंय की लग्नाच्या केकचे तुकडे खरंच विकले जातात का. जातात. चार्ल्स आणि डायनाच्या १९८१ च्या लग्नातल्या केकचा साखरेचा थर ऑगस्ट २०२१ मध्ये १,८५० पौंडांना गेला, अंदाज ३०० ते ५०० चा होता. केकमध्ये माझा जीव रमत नाही, पण तुम्हाला घ्यायचाच असेल तर मूळ डबा आणि सोबतचं कार्ड असलेला घ्या. नुसता तुकडा कोणाच्याही लग्नातला असू शकतो.

तर तुझ्या यादीतली सनद तेवढी घेण्यासारखी वाटते. लिलाववाल्यांना आजच ईमेल करून मागची बाजू, सहीचा जवळून काढलेला फोटो, खालच्या सचिवाचं नाव आणि तारीख मागव, आणि सगळं मला पाठव. सही हातची निघाली आणि चर्मपत्र डकवलेलं नसेल तर २९० पर्यंत जा. कार्डांचं सह्या जुळवून झाल्यावर बघू.

तुझा,
विनायक

ता. क. लेखी बोली ठेवणार असशील तर विषम आकडा दे. बरेच जण गोल आकड्यावर थांबतात, आणि दोन बोली सारख्या आल्या की आधी पोचलेली जिंकते. पण काही लिलावघरं ठरलेल्या टप्प्यांतच बोली घेतात आणि विषम आकडा खाली ओढतात, ते आधी विचारून घे.