नाव बदलायचं कुणी?

संपादक महोदय,

मूल परक्या भाषेच्या शाळेत गेलं की पहिली कात्री बहुधा त्याच्या नावाला लागते. हजेरी घेताना शिक्षक अडखळतात, वर्गात खसखस पिकते आणि मग विचारणा होते, 'तुला दुसरं काही म्हटलं तर चालेल ना?' सहा-सात वर्षांचं पोर यावर काय बोलणार? मान डोलावतं. वहीवर एक नाव, घरात दुसरं.

आईवडिलांना बोल लावणं सोपं आहे. पण अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले, तेव्हा कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे दीडपट प्रतिसाद आला. हे ठाऊक असलेला बाप जिभेला सोपं नाव शोधणारच. (लाज वाटायची ती कंपन्यांना!)

बल्गेरियाने १९८०च्या दशकात तुर्की अल्पसंख्याकांची नावं सक्तीने बदलली. तो जुलूम उघड तरी होता. वर्गातला दबाव हसतमुख असतो, त्याची तक्रार कुणाकडे करायची? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं आठवं कलम मुलाची ओळख, त्याच्या नावासकट, जपण्याचा हक्क मान्य करतं.

शाळांनी प्रवेशाच्या वेळीच पालकांना उच्चार विचारावा आणि हजेरीपटावर नावाशेजारी लिहून ठेवावा. परदेशी खेळाडूंची अवघड नावं समालोचक सामन्याआधी घोकतात. शिक्षकांना न जमण्यासारखं त्यात काय आहे? मुलाने आपल्या हौसेने टोपणनाव घेतलं, तर माझी काहीच हरकत नाही.

– एक वाचक